देवी टोचणाऱ्याचा घसा

देवी टोचणारा म्हटल्यावर तुमी दंड झाकला असंल. सोडा की, ह्यात सुई न्हाय. मला आठवतो त्याचा घसा, दारोदार ओरडून पार बसलेला. हाक मारायच्या आधी तो दोन बोटांनी गळा चोळायचा. त्याची नक्कल करून मी आमच्या गल्लीला दोनदा फसवलं होतं; बाया पोरं घेऊन दारात आल्या, तर म्होरं मीच.

पलीकडच्या आळीत देवी निघाल्या, तवा तो खरंच आला. एक दार उघडंना. थकून पायरीवर बसला.

"तुझा आवाज माझ्यापेक्षा बरा हाय," तो मला म्हणाला. "तूच मार हाक."

मी मारली. आतनं बाया हसल्या. दार न्हाय उघडलं. तो गेला, परत आलाच न्हाय.

आईनं कान पिळला. "मुडद्या, शेजारची तान्ही पोर टोचायची राहिली की! तिला देवी आल्या, तर नक्कल करून उतरवणार हाईस व्हय?"