घाटंजीच्या बाजारात देवमासा

समुद्राच्या पोटातले आवाज ऐकणं हा माझा पेशा. कोकणात पाण्यात माईक सोडून मी देवमासे, कोळंबी, जहाजं असं सगळं रेकॉर्ड करते. विदर्भात, माझ्या गावी घाटंजीत, आई मात्र सगळ्यांना सांगते, "पोरगी माशायचं बोलनं आयकते," आणि लोक माझ्याकडे कीव येऊन बघतात.

गेल्या हिवाळ्यात घरी आले, तेव्हा वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं. श्रोते सात, त्यातले तिघे पेपर वाचायला आलेले. दुसऱ्याच स्लाइडला लाइन गेली. स्पीकर भाड्याने देणारे चाचा वायर गुंडाळत म्हणाले, "बेटा, इथं कोन येते? उद्या बजार हाय. माह्या गाडीवर बॅटरी हाय. तिथं वाजव."

वाजवलं. आधी बोटाएवढी कोळंबी, जी नांगी फटकन मिटून आवाज करते. हजारो कोळंब्यांचा तो तडतडाट ऐकून भजेवाली ओरडली, "अवं, हे तं माही कढई होय!" गर्दी जमली. मग देवमाशाचं लांबलचक गाणं लावलं. एक शेतकरी काका कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आमची म्हैस माजावर आली का अस्सीच रेकते."

लोक खिदळले. मी म्हटलं, "काका, जवळपास बरोबर. फक्त हा नर आहे. विणीच्या हंगामात गातो."

"म्हंजे लगनासाठी? मंग त्याले सांग, गानं सोड, नोकरी पाह्य."

हशा ओसरल्यावर मी जहाजांच्या ध्वनिप्रदूषणावर आले आणि लोक पांगायला लागले. चाचांनी मला बाजूला सारलं, वरातीचं गाणं फुल आवाजात लावलं आणि काकांना खुणेनं सांगितलं, बायकोला हाक मारा. काका बेंबीच्या देठापासून ओरडले. पलीकडे बांगड्या बघणाऱ्या काकूंनी मानही वळवली नाही. चाचांनी गाणं मधेच तोडलं, आणि काकांची पुढची हाक अख्ख्या बाजारात घुमली.

"काहून बोंबलून राह्यले?" काकू कडाडल्या.

"जहाजांच्या गोंगाटात देवमाशांचं हेच होतं," मी म्हटलं. सगळ्यांना कळलं. माझ्या पाच स्लाइड्स वाया गेल्याचं जरा लागलंच.

शेजारी सुकी मासळी विकणारी मावशी हळूच म्हणाली, "मासे जाळ्यात गावल्यावर बी बोलतेत का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही बोलले. "काही मासे बोलतात. ढोमा तर चांगला कुरकुरतो."

तिने झटकन पोत्याने बोंबील झाकले. "हळू बोल वं बाई! गिराईक जाईन माहं."

निघताना तिने कागदात मूठभर सुकट बांधून दिली. "घे. हे काई कुरकुरत नाई."