सलमाच्या हातची गरी

मुझफ्फर तांडेलाने लाँच सोडली, हे देवगडच्या बंदरावर पहिल्यांदा कुणालाच खरं वाटलं नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून दर्यात गेलेला माणूस. लाँच दुसऱ्याची, पण तिच्यावर शब्द चालायचा तो तांडेलाचा. तो म्हणेल तिथे जाळं पडायचं, तो म्हणेल तेव्हा वर यायचं. असा माणूस हातपाय धड असताना घरी का बसला, असं जो तो विचारी. मुझफ्फर सांगायचा, "घरात बायल एकटी आसा." लोक हसायचे. दर्यावर्द्याची बायको एकटी नसते तर काय असते?

पण सलमाचं एकटं असणं आता वेगळं झालं होतं.

सुरुवात मिठापासून झाली. कालवणात मीठ दोनदा पडू लागलं. मग पेटती शेगडी तशीच सोडून ती अंगणात जाऊन बसू लागली. वेंगुर्ल्यात दिलेल्या लेकीचं, नाझमीनचं नाव तिला आठवेना, तेव्हा मुझफ्फरने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला होता. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की हा आजार मागे फिरत नाही, सांभाळून घ्या. मुझफ्फरला ते अर्धंच कळलं. औषधाची पिशवी घेऊन तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दर्यात गेला.

त्याच फेरीत ते घडलं. ओहोटीची वेळ होती. शेजारची मथुरा मासे विकून टोपली डोक्यावर घेऊन खाडीच्या बांधावरून येत होती. तिला चिखलात कुणीतरी उभं दिसलं. सलमा मांडीपर्यंत रुतली होती आणि जाणाऱ्या प्रत्येक होडीकडे बघून पदर हलवत होती. मथुराने टोपली टाकली, बांधावरच्या माणसांना हाका मारल्या आणि फळ्या टाकून तिला बाहेर काढलं. मुझफ्फर परतला तेव्हा सलमा ओसरीवर बसली होती. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता आणि ती तो कुणाला धुऊ देत नव्हती.

"मुझफ्फरभाई," मथुरा म्हणाली, "आज मी होतंय. उद्या कोन आसतला?"

मुझफ्फरने लाँचच्या मालकाला निरोप पाठवला, दुसरो तांडेल बगा.

नाझमीनने दोघांना वेंगुर्ल्याला नेलं. पण तिथे सलमाचा जीव लागेना. सारखी दाराकडे जायची, "भरती लागली, माका घराक जावंक व्हया" म्हणायची. एका संध्याकाळी जावयाने, आदिलने, सासऱ्याचं मन रमावं म्हणून मोबाइलवर एक चित्रफीत लावली. कुठल्यातरी थंड मुलखातली. अख्खं तळं गोठून दगडासारखं झालेलं. त्यात हातभर भोक पाडून, उलट्या बादलीवर बसून माणसं मासे गरवत होती. कुणाकडे लाकडाची वीतभर काठी, कुणी डब्याला दोरा गुंडाळलेला. एकाने तर काठीच्या टोकाला घंटी बांधली होती. मासा लागला की घंटी वाजायची, आणि तोवर तो आपला शेकोटीपाशी बसून राहायचा.

"मामू, बगा," आदिल म्हणाला, "सगळा घरातल्या मोडक्या वस्तूंचा केलेला आसा."

सलमाही वाकून बघत होती. बर्फात बसलेल्या त्या माणसांकडे बघून तिचा चेहरा कळवळला. "बिचारे! तेंका थंडी लागत आसतली. घरात बोलवा तेंका, चाय देवया."

सगळे हसले. सलमाही हसली. मुझफ्फर मात्र ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगत होता.

घरी परत आल्यावर त्याने परड्यात भंगार मांडलं. त्याच्या घराची मागची गडग्याची भिंत थेट खाडीवर. भरतीला पाणी भिंतीच्या पायथ्याशी येतं. आयुष्यभर मुझफ्फर त्या पाण्यावरून दर्यात गेला, पण तिथे बसून मासा धरायचा विचार कधी डोक्यात आला नव्हता. तो पोरासोरांचा खेळ. आता त्याने रंगाचे रिकामे डबे गोळा केले, त्यांत ओली वाळू आणि दगड ठासले, मधोमध बांबूची जाड कामटी उभी केली. कामटीला खिळा मारून त्यावर मोडक्या छत्रीची काडी आडवी बसवली, तराजूच्या दांडीसारखी. एका टोकाला तंगुसाचा दोरा पाण्यात, दुसऱ्या टोकाला घंटी. एक घंटी शेळीच्या गळ्यातली, एक सायकलची, आणि एका डब्याला नाझमीनच्या लहानपणीच्या पैंजणाचं घुंगरू.

पहिल्या दिवशी दुपारभर घंट्या वाजत राहिल्या आणि मासा एकही नाही. वारा वाजवत होता. मग त्याने घंटीच्या टोकाला छोटा दगड बांधून काडी जड केली. वारा गप्प झाला, तर कुर्ल्यांनी आमिष खाल्लं. तळाला पडलेली सुंगटं, आमिषाची बारीक कोळंबी, त्या निवांत सोलून नेत. जुन्या चपलेचा तुकडा कापून त्याने दोऱ्यात ओवला, आमिष तळापासून वर तरंगायला लागलं. बुडवायला शिसं नव्हतं, तर गॅरेजवाल्याने फेकलेले स्पार्क प्लग आणले. जिवंत सुंगटं ठेवायला भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली पाण्यात टांगली. व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली थर्माकोलची दोन खोकी एकात एक घातली, मधल्या फटीत भाताचं तूस भरलं, वरून गोणपाट. मथुरा बंदरावरून बर्फाचे तुकडे आणून द्यायची. त्या खोक्यात ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत. मासा मिळाला की तीच बाजारात नेई.

तांडेलाला हे करताना लाज वाटत नव्हती असं नाही. बांधावरून जाणारा एखादा खलाशी ओळखीचा निघाला की तो डब्याकडे पाठ करून उभा राहायचा.

पण या सगळ्यात गरी, म्हणजे माशाचा गळ, दोऱ्याला बांधायची ती सलमानेच. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातल्या सगळ्या गऱ्या तिच्या हातच्या. तंगूस दोन बोटांत धरून, फेर घालून, दातांनी ताणून ती अशी गाठ मारायची की गरी वाकेल पण गाठ सुटायची नाही. मुझफ्फरने सहज एक गरी तिच्यापुढे धरली, आणि लेकीचं नाव विसरलेल्या बाईच्या बोटांनी गाठ मारून दिली. बघतही नव्हती ती. बोटंच करत होती.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी तिच्यासमोर तंगूस आणि गऱ्या ठेवू लागला. टोकं कानशीने घासून बोथट केलेली, टोचू नयेत म्हणून. ती ओसरीवर बसून बांधत राहायची. ती झोपली की तो गाठी कापायचा आणि सकाळी त्याच गऱ्या पुन्हा पुढे ठेवायचा. पाण्यात सोडायच्या चार गऱ्या तेवढ्या धारदार ठेवायचा; त्या तिच्याजवळ बसून, स्वतः टोक धरून बांधून घ्यायचा.

फक्त आता तो तिचा कुणी नव्हता. ती त्याला तांडेल म्हणायची आणि त्यालाच नवऱ्याची खबर विचारायची.

"तांडेलानू, आमचो घोव खंय रवलो? तुमच्याच लाँचीर आसा ना?"

पहिल्यांदा त्याने सांगून बघितलं, "गो, मीच तो." ती लाजून भिंतीकडे सरकली, परक्या पुरुषाने भलतं बोलावं तशी. मग त्याने सांगणं सोडलं.

"येतलो," तो म्हणायचा. "भरती लागली की येतलो."

"तेका सांगा, मी जेवाण झाकून ठेवलंय."

"सांगतलंय."

एकदा मात्र त्याचा तोल गेला. ती आमिषाची बाटली उघडून सगळी सुंगटं खाडीत सोडून देत होती, एकेकाशी बोलत. मुझफ्फर रात्रभर जागा होता, तिच्यासाठीच. तो ओरडला. हातही उगारला, मारायला नव्हे, पण उगारला. सलमा डब्यामागे अंग चोरून बसली. "मारू नकात, तांडेलानू. माझो घोव इलो की तेका सांगतलंय. तो तुमका सोडूचो नाय."

मुझफ्फर तिथेच मातीत बसला.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. उतरत्या उन्हाची वेळ. मुझफ्फर आत भाकरी थापत होता. मागे सायकलची घंटी वाजली. एकदा वाजून थांबली नाही, वाजतच राहिली. पिठाच्या हातांनी तो धावला. सलमा त्याच्या आधी पोचली होती. गडग्याला गुडघे टेकून, दोन्ही हातांनी ती दोरा ओढत होती, आणि दोरा तिच्या हातांतून सर्रकन निसटत होता.

"सोड! हात कापतलो!"

तिने सोडला नाही. मासा ओढू लागला की ती ढील द्यायची, दमला की आत घ्यायची. मुझफ्फर शेजारी उभा राहिला आणि त्याने दोऱ्याला हात लावला नाही. शेवटी पाणी फुटलं आणि हातभर लांबीचा लालसर तांबोसा गडग्यावर येऊन आपटला. सलमाच्या तळव्यांवर रक्ताच्या रेघा उठल्या होत्या. ती हसत होती. तिने मान वर केली, मुझफ्फरच्या पिठाने भरलेल्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"आवो," ती म्हणाली, "तुमी कधी इल्यात?"

"आत्ताच," तो म्हणाला.

"किती वाळल्यात! जेवलात?"

"नाय."

"बसा. कालवण करतंय."

ती उठली, पदराला हात पुसले, घरात गेली. मुझफ्फर तिच्या मागून गेला नाही. मागून गेलो तर ती वळून बघेल, आणि तेव्हा तिला तांडेल दिसेल, या भीतीने तो गडग्यापाशीच थांबला. आतून भांड्यांचे आवाज आले. मग थांबले. तो आत गेला तेव्हा ती रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.

"तांडेलानू," ती म्हणाली, "माका कोनीतरी हाक मारली काय?"

तसं पुन्हा झालं नाही. पुढे एका सकाळी त्याने गरी पुढे ठेवली तर तिने ती उलटसुलट करून बघितली आणि कानातलं समजून कानाशी नेली. मुझफ्फरने ती हळूच काढून घेतली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ठेवून बघितली. बोटंही विसरली होती. मग तिचं चालणं गेलं, मग गिळणं. मथुरा येऊन तिला पेज भरवायची आणि बाहेर येऊन डोळे पुसायची. रमजानच्या आधी ताप आला तो उतरलाच नाही. नाझमीन उशाशी होती. आईने तिला शेवटपर्यंत नावाने हाक मारली नाही, पण तिचा हात मात्र धरून ठेवला होता.

मोहल्ल्याने जनाजा उचलला. मातीची मूठ टाकताना मुझफ्फर रडला नाही. चाळिसावा दिवस झाल्यावर नाझमीन म्हणाली, "बाबा, आता तुमी हयसर कोनासाटी रवतालास? चला माझ्याबरोबर." तो नको म्हणाला. डबे, काड्या, खोकी सगळं त्याने मथुराला देऊन टाकलं. तिच्या घरामागेही खाडी होती.

हंगाम सुरू झाला तसा लाँचच्या मालकाचा माणूस बोलवायला आला. घरात राहण्याचं कारण आता उरलं नव्हतं, आणि घरात राहणंही जमत नव्हतं. मुझफ्फर गेला. खलाशांनी जुन्या मानाने त्याला सुकाणूवर बसवलं. दर्या होता तसाच होता. दुपारी किनाऱ्याच्या जवळून जाताना मोबाइलला रेंज आली, आणि नेहमीप्रमाणे जो तो घरी फोन लावू लागला. जेवलीस काय, पोर शाळेत गेली काय, उद्या येतंय. वाऱ्यामुळे सगळे मोठ्याने बोलत होते.

"तांडेल, तुमका लावून दिव काय फोन?" एकाने विचारलं. तो नवा होता, त्याला माहीत नव्हतं.

बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मुझफ्फरने मान हलवून नको म्हटलं, आणि समोरच्या पाण्यावरची नजर न काढता सुकाणू धरून बसून राहिला.