सिस्टरांनी मागून घेतलेली पोच

ती घटना आठवली की आजही माझी मान आधी खाली जाते आणि मग सुटल्यासारखे वाटते. गेल्या महिन्यात सिस्टर वारल्या, तेव्हापासून ती रोजच आठवते आहे. गावाचे, ठाण्याचे, माणसांचे नाव मी घेणार नाही. बीड जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव आणि मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख, एवढे पुरे.

सिस्टर मूळच्या वसईकडच्या, कॅथलिक संन्यासिनी. करडी साडी, साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. गावाच्या कडेला कचरा वेचणाऱ्या बायकांची वस्ती होती, तिथेच पत्र्याच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. रविवारी प्रार्थना आणि बाकीचे सहा दिवस अर्ज, असा त्यांचा आठवडा. त्या बायकांना नगरपालिकेचे ओळखपत्र मिळाले, हातमोजे मिळाले, वस्तीत नळ आला, ते सगळे या अर्जांमुळे. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती असायच्या. एक कचेरीत किंवा आमच्या ठाण्यात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, गोल शिक्का आणि सही घ्यायची. ही पोच हातात पडेपर्यंत सिस्टर टेबलासमोरून हलायच्या नाहीत. त्या फाटकात दिसल्या की आमचे ठाणे अंमलदार चहाला निघून जायचे. मीही मनातून वैतागलेलोच होतो. हे सांगितले पाहिजे, कारण पुढे जे झाले त्यात या वैतागाचा हात होता.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. कॉलनीतल्या एका प्राध्यापकांच्या पत्नी फिर्याद घेऊन आल्या. सासूबाईंच्या सोन्याच्या दोन पाटल्या कपाटातल्या डबीतून गेल्या होत्या. कुलूप शाबूत होते. संशय कोणावर, असे विचारले तर म्हणाल्या, कचरा न्यायला येणारी बाई रोज अंगणात येते, तिच्याशिवाय कोण? सासूबाई थोरल्या मुलाकडे लातूरला गेलेल्या आणि हृदयाचे दुखणे असल्यामुळे त्यांना काही कळवलेले नव्हते. मी म्हटले, बरोबर आहे, म्हातारीला कशाला त्रास द्यायचा. ज्यांच्या पाटल्या त्यांनाच विचारायचे मी राहू दिले. शिकाऊ शिपायाने केली असती तर त्याला मी फैलावर घेतले असते, अशी ही चूक.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. खबऱ्या भंगारवाला होता. दिवाळीच्या आधी तीच बाई आणि सिस्टर पत्र्याच्या खोलीच्या दारात गाठोडे सोडून बसल्या होत्या आणि आत काहीतरी पिवळे चमकत होते, असे त्याने सांगितले. खबर खरी होती. अर्धी खबर खोट्या खबरीपेक्षा जास्त नुकसान करते, हे मला तेव्हा सुचले नाही. मी मनात आरोपी दोन केले. चोरणारी बाई आणि माल ठेवून घेणाऱ्या सिस्टर.

बाईला बोलावले. दिवसाउजेडी, महिला शिपाई समोर बसवून, संध्याकाळच्या आत घरी सोडून. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. पाटल्या कुठे आहेत, या माझ्या पहिल्याच प्रश्नावर ती म्हणाली, "मला घावलेल्या त्या तर मी तुमच्याच ठान्यात आनून दिल्यात की, साहेब."

आम्ही हसलो. जमादार म्हणाले, चोर आता माल ठाण्यात जमा करायला लागले तर आपण काय करायचे? मीही हसलो. वरवर म्हणून मुद्देमाल कारकुनाला विचारले, तर त्याने रजिस्टर चाळून नाही म्हणून सांगितले. तो नवा होता आणि त्याने फिर्यादीच्या तारखेपासून पुढचेच बघितले. तिचे ते वाक्य मी जबाबात घेतले नाही.

आमच्या हसण्यानंतर बाईने तोंड मिटले ते मिटलेच. दोन दिवस एकच सांगायची, सिस्टरला येऊ द्या. सिस्टर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात होत्या. जमादारांचे मत पडले, "बाई लई हुशार हाय, साहेब. दोघींचा जबाब जुळवून घ्यायचा इचार दिसतोय." मलाही ते पटले. माझ्या अनुभवात, खोटे बोलणारा माणूस बोलत राहतो. गप्प बसणाऱ्याच्या बाबतीत पोलिसाने जास्त विचार करावा. तो मी केला नाही. तिसऱ्या दिवशी अटक करायची ठरवली आणि पोलीस कोठडीच्या मागणीचा कागदही टाईप करून ठेवला.

त्या सकाळी ती पुन्हा बोलली. "अटक केली तर माजं कार्ड जाईल, साहेब. कार्ड गेलं की मला कुनी दारात उभं करनार न्हाई. आन माज्यापायी आमच्या समद्या बायांची दारं बंद व्हतील." ती रडत नव्हती. घडणार ते सांगत होती, आणि त्यात काही खोटे नव्हते. वस्तीतल्या एकीला चोरीत पकडले असते तर त्या गावात पुढची कित्येक वर्षे कोणीही त्यांतल्या कोणत्याच बाईला फाटकाच्या आत घेतले नसते.

अकराच्या सुमारास सिस्टर एसटीने आल्या आणि स्टँडवरून सरळ ठाण्यात. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पिशवीतून फाईल काढली, दुसऱ्या डोळ्याने कागद शोधला आणि माझ्यासमोर ठेवला. आमच्याच ठाण्याची पोच. आवक क्रमांक, गोल शिक्का, आधीच्या कारकुनाची सही. तो बदलून आष्टीकडे गेला होता. मजकूर असा की, कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्यात चिंध्यांचे गाठोडे सापडले, त्यात पिवळ्या धातूच्या दोन पाटल्या होत्या, मालकाचा शोध घेऊन परत कराव्यात. तारीख फिर्यादीच्या अकरा दिवस आधीची.

मी स्वतः मुद्देमाल खोलीत गेलो. बेवारस मालाच्या रॅकवर, मागच्या बाजूला, लाखेची सीलबंद पुडी धूळ खात पडली होती. पुडीवरचा क्रमांक पोचेशी जुळला आणि मला लाज वाटली. पण खरे सांगतो, त्याहून मोठी होती ती सुटका. तो टाईप केलेला कागद अजून कोर्टात गेला नव्हता.

मग लातूरला फोन लावला. सासूबाईंना हृदयाचे काही झाले नाही. त्या सुनेवरच उखडल्या. "आगं, गावाला जाताना चोराच्या भ्यानं गोधडीच्या चिंध्यांत घालून ठिवल्या व्हत्या की मी. तू चिंध्या फेकल्या कावून?" सूनबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत ते गाठोडे बाहेर काढले होते. पाटल्या ओळखल्या गेल्या, कोर्टाच्या आदेशाने परत गेल्या आणि गैरसमजुतीने गुन्हा दाखल म्हणून तो बंद करण्याचा अहवाल, म्हणजे समरी, आम्ही कोर्टात पाठवली.

मी सिस्टरांची माफी मागायला गेलो, तर त्यांनी हात वर केला. "माफी तिची मागा. आणि तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साहेब. तुम्ही ऐकलंत, पण लिहून घेतलं नाहीत." आवाज चढवला नाही. मग एक काम सांगितले. चोर म्हणून बाईचे नाव कॉलनीभर झाले होते, ते ठाण्यात बसून पुसले जाणार नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दीत तिच्या ढकलगाडीबरोबर कॉलनीत फिरलो. दारोदार उभा राहिलो आणि सांगितले, या बाईंनी सोने सापडल्यावर ते ठाण्यात जमा केले होते, चूक आमची होती. पहिल्या चार घरांत जीभ जड झाली. पुढे सोपे गेले. प्राध्यापकांच्या दारी सूनबाईंनी तिला ओट्यावर बसवून चहा दिला. तिने चहा घेतला आणि ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवा म्हणून त्यांना बजावलेही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. संशयिताचे पहिले वाक्य, कितीही हसू येणारे असो, आधी कागदावर.

गेल्या महिन्यात वस्तीत सिस्टरांची शोकसभा झाली. फोटोला मेणबत्ती आणि झेंडूचा हार, समोर सतरंजीवर सगळ्या बायका. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी हीच हकीकत सांगितली. पोच, धुळीतली पुडी, कॉलनीतली फेरी, सगळे. लोक हळहळले, थोडे हसलेही. मी खाली बसणार, तेवढ्यात सतरंजीवरून ती बाई उठली. केस पिकलेत आता.

"साहेब," ती म्हणाली, "पयल्या दिशी मी काय म्हनले व्हते, आन तुमी काय केलं व्हतं, ते ऱ्हायलं."

ते मी खरेच गाळले होते. पुन्हा माईक घेतला आणि सांगितले की या बाई पहिल्याच दिवशी खरे बोलल्या होत्या आणि आम्ही सगळे हसलो होतो, मीसुद्धा. तिने सिस्टरांच्या फोटोकडे बघितले.

"हां," ती म्हणाली. "आता समदं आलं." आणि खाली बसली.

मीही बसलो. इतक्या वर्षांत इतके हलके वाटले नव्हते.