मस्टरवरच्या वाकड्या सहीचा खुलासा

मंडळी, नोटीस बोर्डावर हे मुद्दाम लावतोय. आज मस्टरवर माझी सही वाकडी आली, कारण हात थरथरत होते.

धंतोलीच्या आखाड्यातली दोरी मी सरसर टोकापर्यंत चढायचो, हे तुम्हाला चहाच्या वेळी कितीदा सांगितलं असेल. पंधरा वर्षं खुर्चीत काढून आज सकाळी पुन्हा गेलो. मातीला नमस्कार केला, दोरी धरली, पाय उचलले आणि वीतभर उंचीवर तसाच लोंबकळत राहिलो.

म्हातारे वस्ताद म्हणाले, "चढत काहून नाही गा?"

"चढूनच राहिलो, वस्ताद."

त्यांनी चार आकडे मोजले, तोवर मी मातीत.

"उद्या पाच," एवढंच ते बोलले.

उद्याही सही वाकडीच येईल. तुम्ही दोन्ही पाय जमिनीवरून शेवटचे कधी उचलले होते?