भिंतीपलीकडचं कपाट

नवऱ्याला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मीच हटून बसले. जिथे शेजाऱ्याच्या घरात बंदूक असू शकते, तिथे मी पोरीला घेऊन राहणार नाही. इथले कायदे कडक, म्हणून आम्ही नेदरलँड्समध्येच राहिलो आणि कापेल या गावी घर घेतलं.

शेजारी एकटे डच आजोबा. भाजी केली की मी मुलीच्या हातून त्यांना डबा पाठवते. परवा ती शाळेत होती, म्हणून चकल्या घेऊन मीच गेले, तर आत दोन पोलीस. मी डबा घेऊन दारातच थांबले. आजोबा हसले. "घाबरू नका. मी नेमबाजीच्या क्लबात जातो, परवान्याचं पिस्तूल आहे. तेच तपासायला आलेत. सगळं नियमात आहे." त्यांच्या मागे भिंतीला पोलादी कपाट होतं. त्याच भिंतीला आमच्या बाजूने लागून माझी मुलगी झोपते.

ती शाळेतून आली तेव्हा मी तिचा पलंग ओढत होते. कारण सांगितलं, तर नेहमीसारखं डचमध्ये म्हणाली, "आई, त्या कपाटाला कुलूप असतं. किल्ली कुठे ठेवतात ते मला माहितीये."