बंद खोलीतलं जातं सुखदेवचं होतं

घर्रर्र... घर्रर्र...

बंद खोलीत कोणी नाही, आणि आतून जातं फिरतंय.

रंगमंचामागे बसून हा आवाज काढणारा माणूस आज सकाळी अकोल्यात वारला. सुखदेव. माझा कॉलेजचा मित्र, रूम पार्टनर.

सकाळपासून जुन्या बॅचच्या ग्रुपवर जोडलेले हात येताहेत. आणि त्याखाली हे :
"माधवच्या त्या भुताच्या नाटकात जात्याचा आवाज काय काढायचा सुखदेव!"

माधवच्या?

ऐंशी ओलांडलीत मी. बीपीची गोळी घेऊन टाइप करतोय. नाटक आमच्या बॅचच्या माधवचं नव्हतं. सुखदेवचं होतं. पहिल्या वाक्यापासून पडदा पडेपर्यंत.

साठ सालाच्या आसपासची अमरावती. मी वकिलाचा मुलगा. शाळेच्या पुस्तकातल्या कविता पाठ म्हणत कातरवेळी खिडकीत बसणारा. सुखदेव बाळापूरचा. घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आणि या पोराला वेड भयकथांचं. पडके बुरूज, कुलूपबंद खोल्या, डोळे हलवणारी तसबीर, खानदानी मालक आणि त्याचं जुनं पाप. लायब्ररीतली असली सगळी पुस्तकं, मराठी काय इंग्रजी काय, त्यानं फस्त केली होती.

"तुया कवितेत नुसतं चांदनं असते बे," तो म्हणायचा. "त्या चांदन्यात कोन उभं आहे, ते मी पायतो."

भुतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. विश्वास होता माझा. अंधार पडल्यावर विहिरीवर जायला मला त्याची सोबत लागायची.

त्याच्या वडिलांना हे वेड पटत नव्हतं. एकदा रूमवर आले, उशाशी पुस्तक पाहिलं.

"देव बांधून नदीत सोडले आपन. मंग भुतं कावून जपून राह्यला?"

"मी कुठं मानतो बाबा. गोष्ट आहे ते."

"गोष्टी सांगूनच तं भेववलं आपल्याले इतके दिवस."

सुखदेवनं पुस्तक उशीखाली सरकवलं.
मग त्यानं उत्तर म्हणून नाटक लिहिलं. वडिलांसाठी.

किल्ल्यातली हवेली. कुलूपबंद खोली. आतून जात्याचा आवाज. मालक मांत्रिक आणतो, धूप जाळतो, आवाज थांबत नाही. शेवटी कुलूप तोडतात. आत हवेलीत दळण दळणारी, कधीचीच मेलेली बाई. ती म्हणते, "मले नका भिऊ. ज्यानं कुलूप लावलं, त्याले भ्या."

त्यानं वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कवितेनं कधी आणला नव्हता तसा.

"बाबा येनार आहेत ग्यादरिंगले," तो म्हणाला. "माइकवर मायं नाव ऐकतीन, मंग नाटक पायतीन. मंग त्याइले समजन."

आदल्या दिवशी नाटक बसवणाऱ्या सरांनी तालमीत सगळ्यांसमोर त्याला बोलावलं. आवाजात मध.

"सुखदेव, तुम्ही लोकांनी भुतंखेतं सोडली ना? मग तुझ्या नावावर भुताचं नाटक शोभत नाही. तुझेच लोक नावं ठेवतील. लेखक म्हणून माधवचं नाव देऊ."

"सर, खुनाची गोष्ट लिहायची तं आधी खून करा लागते काय?"

सगळे हसले. सरही हसले. निर्णय बदलला नाही. मी उठून बोललो, तर "बस खाली, कवी."

मालकाची भूमिका करणारा माधव आपल्या बुटांकडे बघत होता.

काय चलाखी. माणसानं भीती टाकून दिली, तर त्याची तीच हिंमत त्याच्याविरुद्ध वापरायची. सरांच्या स्वतःच्या दाराला लिंबू-मिरची लटकत होती. त्यांना शोभतं की नाही, हे कोणी विचारलं नाही.

गॅदरिंगला वडील आले. पांढरा सदरा, परीटघडीचं धोतर. शेवटच्या रांगेमागे उभे राहिले.

माइकवर माधवचं नाव घेतलं.

सुखदेव विंगेत बसून जातं फिरवत होता. घर्रर्र, घर्रर्र.

टाळ्या संपल्यावर वडील विंगेत आले. "तुयं नाव कावून नाही घेतलं?"

तो जातं बाजूला सरकवायला लागला. मी सांगितलं.

त्यांनी वाकून जात्याचा खुंटा हातात घेतला. मग म्हणाले, "त्या बाईचं बोलनं खरं होतं. समजलं मले. पन आता नको लिहू, बापू. तुवा लिहावं अन् त्याइनं नाव लावावं, हे पाहवत नाही मले."

पुन्हा त्यानं एक ओळ लिहिली नाही. मोठा सरकारी अधिकारी झाला, मुलीला डॉक्टर केलं. मी विषय काढला की, "आता काय भुतं उकरतं बे," म्हणून हसायचा. त्या हसण्याचा आज मला संताप येतोय.

आणि माधव, पुढे नाटकवाला म्हणून झालेल्या तुझ्या प्रत्येक सत्कारात हे नाटक तुझं म्हणून मिरवलं गेलं. इतक्या वर्षांत तू एकदाही "नाही" म्हणाला नाहीस.

ग्रुपवाल्यांनो, आवाज काढणाऱ्याला कसली श्रद्धांजली वाहता? लेखकाला वाहा.

सुखदेव, जय भीम. नीट जा, मित्रा.

पोस्ट करणार इतक्यात बेल वाजली.

दारात माधव. एका हातात काठी, दुसरा भिंतीला टेकलेला. मागे स्टेशनवर जायला थांबवलेला ऑटो.

"अकोल्याला चल," तो म्हणाला. "त्याच्या मुलीला सांगायचंय, नाटक तिच्या वडिलांचं होतं. एकट्यानं त्या दारात उभं राहायची हिंमत नाही माझी."

मी त्याला अजून आत ये म्हटलेलं नाही.
चपला शोधतोय.