मोबाईलला उत्तर देणाऱ्या बाई

आमच्या थोरल्या बाई मोबाईललाही उत्तर द्यायच्या. प्रशिक्षणाच्या व्हिडिओत कुणी "नमस्कार" म्हटलं की पदर सावरून हात जोडायच्या. "लक्षात आलं ना?" असं विचारलं, तर "न्हाई, परत सांगा" म्हणायच्या. मी म्हणायचे, "बाई, त्यांना ऐकू जात नाही." त्यावर त्या म्हणायच्या, "न जाऊ दे. इचारल्यावर गप बसायचं व्हय?"

पासली गावाच्या वरच्या अंगाला, वाडीवर आमची दोन शिक्षकी शाळा. बाई किकवीच्या. मी इथलीच, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि हे मी न विचारताही सांगते. बाईही सांगायच्या. शाळेत पाहुणा आला की आधी माझी डिग्री, मग पाणी.

शाळेत रेंज नव्हती. शाळा सुटली की आम्ही दोघी पठारावरच्या खडकावर बसून ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचो. एकदा थेट सत्र चालू होतं. हातच्याची वजाबाकी कशी शिकवायची, ते एक साहेब भराभर सांगत होते. बाई सवयीनं बोलल्या, "असं पळत सांगाल तर पोरं उठून शेळ्यांमागं जातील."

माईक चालू होता. तालुकाभरच्या शिक्षकांनी ते ऐकलं आणि खसखस पिकली. साहेबही हसले. म्हणाले, "बाई, मग उद्या तुम्हीच सांगा."

बाईंनी मोबाईल बंद केला. चेहरा पार उतरला होता. "लई हसले गं. उद्या जमलं न्हाई, तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देते." दुसरीची पोरं मला अजून आवरत नव्हती. बाई गेल्या तर वाडीवर मी एकटी.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. बाई भाताच्या रोपांच्या जुड्या घेऊन खडकावर बसल्या. एका जुडीत दहा रोपं. "सुट्या रोपांत भागंना, तर जुडी सोडायची. सोडली म्हणून रोपं वाढत न्हाईत, नुसती मोकळी व्हतात." एकेक रोप मोबाईलपुढं धरत त्या सावकाश सांगत राहिल्या. मी इतकी गुंगले की रेंज गेलेली मला दिसलीच नाही. धडा संपला तेव्हा पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं.

बाईंनी हातातली रोपं खाली ठेवली. "म्हंजे कुणीच न्हाई ऐकलं. मग शिकवलं कुणाला म्या?"

"मला," मी म्हणाले.

त्या माझ्याकडं वळल्या. "समजलं?"

"समजलं."

"मग सांग बघू."

आणि त्यांनी तिथंच माझ्याकडून सगळा धडा घेतला, दर वाक्याला टोकत. अर्जाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढं दुसरीच्या वर्गात त्या मला फळ्यापाशी उभं करायच्या, स्वतः मागं पोरांत मांडी घालून बसायच्या आणि माझं काही चुकलं की हात वर करायच्या. पोरं खूश व्हायची.

निवृत्तीच्या दिवशीही बसल्या. शेजारच्या पोरीशी गप्पा मारत होत्या. हात काही वर झाला नाही.